औटकी

“बे निमे एक, तीन निमे दीड, चोक निमे दोन...”

आतल्या खोलीतून आवाज आला आणि विनायकरावांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. नोकरीची बरीचशी वर्षं त्यांनी पोस्टाच्या हिशेब खात्यात श्यामरावांच्या शेजारच्या टेबलावर काढली होती, पण असा चढा, घाईघाईचा आवाज त्यांनी त्या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ऑफिसात श्यामराव बोलले तर बोलले, एरवी फायलीवर पेन्सिलीची बारीकशी फुली करून फाईल मुकाट्याने पुढे सरकवायचे.

“पाढे कुणाला शिकवताहेत?” त्यांनी विचारलं. घरात पाढे शिकण्याच्या वयाचं कुणी नाही हे ठाऊक असूनही विचारलं.

“कुणाला नाही हो,” श्यामरावांच्या पत्नी शकुनबाई ओशाळून म्हणाल्या. “औषधानं होतं तसं. थेंब देतो ना आम्ही, ते अफूचेच म्हणे. डोक्यात चढतात.”

“अरेरे! काय डोकं होतं हो श्यामरावांचं! आणि शेवटी हे.” विनायकरावांनी आणलेली मोसंबी पुन्हा एकदा टेबलावर नीट लावली. आजाऱ्याच्या घरी आलेल्या माणसाला हातांचं काय करावं ते कळत नाही. “पण एका परीनं बरं. शुद्ध नसली की दुखणं कळत नाही.”

“काका, आणखी थोडा चहा खाणार?” वृंदाने, म्हणजे सुनेने, दारातून विचारलं.

विनायकरावांना हसू आलं. “अगं, चहा खायचा नसतो, प्यायचा असतो! तीन पिढ्या कलकत्त्यात राहून तुम्ही लोक पार बंगाली झालात.” वृंदाही हसली. हे तिला महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक समारंभात कुणी ना कुणी सांगतच असे आणि ती दर वेळी नव्याने ऐकल्यासारखी हसत असे. आत श्यामराव निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, सोडून पाऊणकीत शिरले होते.

शकुनबाई वाईहून लग्न होऊन कलकत्त्याला आल्या तेव्हा त्यांना मराठी सोडून एक अक्षर येत नव्हतं आणि नवरा मराठीतसुद्धा बोलत नव्हता. पहिलं वर्षभर त्या माणसाला काय आवडतं, काय नाही, हे त्यांनी ताटातल्या उरलेल्या पदार्थांवरून शोधून काढलं. भाजीत मीठ कमी पडलं तर श्यामराव मीठ मागत नसत. घास जरा सावकाश चावत. आंघोळीला पाणी कढत नसलं तर न्हाणीघरातून तांब्याचा आवाज भरभर येई. शकुनबाईंनी या सगळ्याचा असा काही अभ्यास केला की पुढे पुढे नवऱ्याने घसा खाकरायच्या आत पाण्याचं भांडं समोर हजर होई. मंडळातल्या बायका थट्टा करत, “शकुनताई, तुमच्या यजमानांना मुळी जीभच लागत नाही.” शकुनबाई वरवर रागावत. आतून त्यांना त्याचा केवढा अभिमान होता! शिक्षण नाही, गाता गळा नाही, रूपही बेताचंच. पण न मागता ओळखणं ही एक विद्या आपल्याला येते आणि ती या शहरात दुसऱ्या कुणाला येत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

एकदाच त्या चिडल्या होत्या. पुण्याच्या ऑफिसात जागा रिकामी झाली होती आणि साहेब स्वतः म्हणाले होते, टेंबे, अर्ज करा, बदली देतो. श्यामराव महिनाभर घरात गप्प बसले आणि जागा दुसऱ्याला गेली. “अहो, तोंड उघडून मागायचं होतं!” शकुनबाई म्हणाल्या. “त्यांना द्यायचीच होती तर ते देते,” श्यामराव म्हणाले. विषय तिथे मिटला आणि बालीगंजच्या त्या दोन खोल्यांत त्यांचा सगळा जन्म गेला. मुलगा रघुनाथ इथेच वाढला, बँकेत लागला आणि त्याने इथल्याच मराठी घरातली मुलगी केली.

आदल्या दुर्गापूजेच्या सुमाराला श्यामरावांची पाठ धरली. तेल झालं, शेक झाला. मग मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा कळलं की रोग मुळात दुसरीकडेच होता आणि पाठीच्या मणक्यात तो केव्हाच उतरला होता. तिथे काही दिवस किरण दिले आणि घरी न्यायला सांगितलं. ‘घरी न्या’ याचा अर्थ कुणी उलगडून सांगितला नाही, कुणी विचारलाही नाही.

गल्लीच्या तोंडाशी राहणारे डॉक्टर मजुमदार तेव्हापासून दर आठवड्याला येऊ लागले. शकुनबाईंशी ते हिंदीत बोलत आणि दोघांचंही हिंदी सारखंच मोडकं असल्याने दोघांना एकमेकांचं छान समजे. पहिल्याच दिवशी त्यांनी औषधाची तपकिरी बाटली आणि थेंब मोजायची काचेची नळी टेबलावर ठेवली आणि समजावून सांगितलं.

“मासीमा, हे दुखणं दोन तऱ्हेचं असतं. एक घरात राहायलाच आलेलं. ते चोवीस तास असणार, त्याच्यासाठी हे थेंब वेळच्या वेळी द्यायचे. दुसरं अवचित येणारं. कूस बदलली, खोकला आला, कधी कधी काहीच कारण नसतं, आणि एकदम कळ उठते. ती नेहमीच्या थेंबांना जुमानत नाही. तशी कळ आली आणि त्यांनी मागितलं, तर मधेच एवढे जास्त द्या. घाबरू नका.”

“मागितलं तर,” शकुनबाईंनी मनाशी घोकलं.

श्यामरावांनी मागितलं नाही.

थोड्याच दिवसांत पाढे सुरू झाले. पहिल्यांदा अगदी पुटपुटल्यासारखी पावकी, एक पाव पाव, बे पाव अर्धा. शकुनबाईंना वाटलं, वेळ जात नसेल. मग ते अवेळी सुरू होऊ लागले. पायाखालची उशी बदलताना, कधी अर्धवट झोपेतून जागं होऊन. डोळे छताला लागलेले, कपाळावर घाम, आणि तोंडाने दीड, सव्वादोन, तीन असं चाललेलं. “अहो, काय हवंय?” विचारलं तर मान हलवून ‘काही नाही’ म्हणायचे आणि पुढचा आकडा घ्यायचे.

शकुनबाईंना वाईचे आपले नानामामा आठवले. ते अफू खायचे. शेवटच्या दिवसांत ओसरीवर बसून, केव्हाच मरून गेलेल्या बैलांना नावं घेऊन हाकारायचे. लहानपणी त्यांनी ते दाराआडून पाहिलं होतं आणि तेव्हाची भीती त्यांच्या मनातून कधी पुरती गेलीच नव्हती. इतका शहाणा, नेमका माणूस, आणि त्याचा शेवटी नानामामा व्हायचा? त्यापेक्षा मरण बरं.

पुढच्या वेळी डॉक्टर आले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. औषध डोक्यात चढतंय. भ्रमिष्टासारखं बरळतात.

“मधले जास्तीचे थेंब किती वेळा मागतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“एकदाही नाही.”

“एकदाही नाही? कण्हतात? ओरडतात?”

“छे! आवाज नाही. नुसते आपले आकडे बोलतात.”

डॉक्टर मजुमदारांनी श्यामरावांची नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या. त्या वेळी श्यामराव शांत होते. “दुखतं का?” डॉक्टरांनी विचारलं. “ठीक आहे,” श्यामराव म्हणाले. चाळीस वर्षं हा प्रश्न कुणीही, कशाबद्दलही विचारला की ते हेच सांगत आले होते. डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि थेंब निम्मे करायला सांगितले. शकुनबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि मग पाढ्यांना ऊत आला.

आता पावकी-निमकीवर भागेना. सवायकी, दिडकी, अडीचकी आणि त्याही पुढे औटकी सुरू झाली. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा, जुन्या पंतोजींच्या शाळेतली सगळ्यात अवघड पायरी. “सात औटे साडेचोवीस, आठ औटे अठ्ठावीस...” आवाज असा चढे की वरच्या मजल्यावरच्या बंगाली बाई जिन्यात थांबून कानोसा घेत आणि टेंबेबाबू कसलं तरी मोठं पूजापाठाचं म्हणताहेत असं समजून हात जोडून पुढे जात. रघुनाथ ऑफिसला निघताना पलंगाशी येऊन उसनं हसायचा. “अण्णा, आता नवे पैसे आले. रुपयाचे शंभर. औटकी कोण विचारतो?” त्या एप्रिलातच नवी नाणी सुरू झाली होती आणि गडियाहाटच्या बाजारात भाजीवाल्यांशी रोज त्यावरून वाद चालू होते. श्यामराव मुलाकडे बघायचे. पण पाढा थांबत नसे.

“आणखी कमी करायला सांगू का डॉक्टरांना?” शकुनबाईंनी एका दुपारी वृंदाला विचारलं. “अजून उतरत नाही डोक्यातून.”

वृंदा सकाळच्या शाळेत लहान मुलींना गणित शिकवायची आणि अकराच्या सुमाराला घरी यायची. दुपारची ती सासऱ्यांच्या खोलीत खिडकीजवळ वह्या तपासत बसे. त्या दिवशी तिची पेन्सिल बराच वेळ नुसतीच हातात होती.

“आई, औट म्हणजे काय?”

“साडेतीन. तुम्हाला नाही शिकवलं कुणी?”

“आम्हाला बंगालीतलं शिकवलं, ते वेगळं आहे.” वृंदा जरा थांबली. “मग अण्णा साडेतीनचं म्हणतात. मी दोन दिवस मनातल्या मनात गुणाकार करून बघते आहे. तेरा औटे साडेपंचेचाळीस. बरोबर आहे. एकोणीस औटे साडेसहासष्ट. बरोबर आहे. काल ते तिसाच्याही पुढे गेले. मला कागद घ्यायला लागला, त्यांना नाही लागला.”

“मग?”

“मग भ्रम कसा असेल? माझ्या वर्गातल्या मुलींना जरा ताप आला तर सात नव्वे चुकतं. अण्णांचा एकसुद्धा चुकत नाही, आई.”

शकुनबाईंना ते आवडलं नाही. काल घरात आलेल्या, चहा खाणाऱ्या पोरीने आपल्या नवऱ्याबद्दल आपल्याला सांगावं! “पाठ आहेत गं त्यांना. जन्मभराची सवय. झोपेतही म्हणतील,” त्या म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. पण डाळ निवडताना त्यांचं लक्ष लागेना. नानामामा बैलांना हाका मारायचे तेव्हा बैलांची नावं चुकायची, त्यांचे रंग बदलायचे, कधी बैलांच्या जागी भाऊ यायचा. तेही त्यांना आठवलं, आणि ते इतके दिवस का आठवलं नाही याचं त्यांना नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसायच्या वेळी रघुनाथने नेहमीसारखे वडिलांचे खांदे धरले आणि शकुनबाईंनी ओला टॉवेल पिळला. रघुनाथने उचललं.

“एक औट औट, बे औटे सात, तीन औटे साडेदहा...”

“ठेव,” शकुनबाई एकदम म्हणाल्या.

“अगं पण पाठ पुसायची राहिलीय.”

“ठेव म्हणते ना खाली.”

रघुनाथने त्यांना हळूच उशीवर टेकवलं. आवाज खाली आला. औटकी अर्ध्यावर सोडून श्यामराव दिडकीवर आले. मग निमकीवर. मग बराच वेळ नुसती पावकी, ओठांतल्या ओठांत. मग गप्प झाले.

“आता पुन्हा उचल. थोडंसंच.”

खांदा उशीवरून सुटला न सुटला तोच दिडकी सुरू झाली, आणखी उचललं तशी औटकी. शकुनबाईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. “ठेव, ठेव त्यांना,” त्या कशाबशा म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. आपण आत्ता काय केलं? या माणसाला मुद्दाम दुखवून पाहिलं. आणि त्याआधी इतके दिवस, न पाहता, दुखवतच होतो.

मग त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट आठवली. श्यामरावांनी आपणहून सांगितलेल्या गोष्टी फारच थोड्या, त्यातली ही एक. त्यांच्या गावच्या शाळेत पंतोजी छडी मारताना पाढा म्हणायला लावायचे. पाढा चुकला तर छडी चालूच. न चुकता शेवटपर्यंत गेला तर छडी थांबायची. “मग मी चुकत नसे,” श्यामराव म्हणाले होते आणि हसले होते. शकुनबाईही तेव्हा हसल्या होत्या. आता तो म्हातारा माणूस समोर पडून छडी थांबायची वाट बघत होता, आणि चुकत नव्हता.

त्यांनी डॉक्टरांची वाट पाहिली नाही. मधले जास्तीचे म्हणून सांगितलेले थेंब मोजले. खात्रीसाठी पुन्हा मोजले आणि श्यामरावांच्या मानेखाली तळवा घालून त्यांना पाजले. ते निमूट प्यायले. रघुनाथ काही न समजून उभा होता.

“डॉक्टरांना घेऊन ये,” त्या म्हणाल्या. “बँकेत उशीर झाला तर होऊ दे.”

डॉक्टर मजुमदार आले तेव्हा श्यामरावांचा डोळा लागला होता. शकुनबाईंनी बाहेरच्या खोलीत त्यांना सगळं सांगितलं. पाव, निम, औट यांना हिंदीत काय म्हणावं ते त्यांना कळेना, तेव्हा त्यांनी हातानेच पायऱ्या करून दाखवल्या, ही खालची, ही वरची. मग त्या म्हणाल्या, “मीच सांगितलं तुम्हाला की भ्रम आहे. मीच कमी करायला लावलं.”

“मीही विचारलं नाही की कुठले आकडे,” डॉक्टर म्हणाले. “आमच्या गावच्या पाठशाळेतही असले पाढे होते, मासीमा. कडी, गंडे, कवड्यांच्या हिशेबाचे. माझ्या आजोबांना सगळे पाठ होते. ऐकले असते तर मला ओळखू आले असते. मी नाडी बघत बसलो.”

त्यांनी थेंब पहिल्याएवढे केले, वर थोडे वाढवले. अंग पुसायच्या, कूस बदलायच्या बऱ्याच आधी जास्तीचे थेंब द्यायचे, औषध अंगात भिनू द्यायचं आणि मगच हात लावायचा, असं सांगितलं. “आणि ते मागतील म्हणून थांबू नका. ते मागणारे नव्हेत. खालची पायरी ऐकू आली की द्या. वरच्या पायरीला जाऊच देऊ नका. कळ एकदा वर चढली की तिला उतरवायला दुप्पट औषध लागतं.”

तेव्हापासून घरात औटकी ऐकू आली नाही.

शकुनबाईंना त्यांची विद्या परत मिळाली. कामाला पुन्हा हुरूप आला. “एक पाव” एवढं ऐकलं की त्या पदर खोचून उठत आणि “तीन पाव” व्हायच्या आत पेला ओठांना लागलेला असे. श्यामरावांना झोप येऊ लागली. जागे असताना ते खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे बघत, रघुनाथकडून नव्या नाण्यांबद्दल ऐकत. एकदा तर त्यांनी वृंदाला औटकीतली एक युक्ती सांगितली, साडेतीनने गुणायचं असेल तर सातपट करून अर्धं करावं. वृंदाने ती शाळेतल्या मुलींना शिकवली आणि मुलींना ती फार आवडली. विनायकराव पुन्हा येऊन गेले आणि “डोकं जागेवर आलं हो!” असं म्हणून आनंदाने दोन कप चहा प्यायले. रोग तसाच होता, आपल्या गतीने पुढे चालला होता. पाय आता हलत नव्हते. पण ज्याला दुखत नाही असा माणूस घरात असणं हीच त्या घराला एवढी चैन वाटत होती की पुढचं कुणी बोलत नव्हतं.

आषाढातल्या एका दुपारी शकुनबाई दाराजवळ बसून तांदूळ निवडत होत्या. खिडकीशी वृंदा वह्या तपासत होती. श्यामराव जागे होते.

“वृंदा,” ते म्हणाले.

“काय अण्णा?”

“दुखतंय गं. थेंब दे.”

आवाज साधा होता, शेजारच्या टेबलावरून फाईल मागावी तसा. त्यांनी पांघरुणातून हात काढून तिच्यापुढे धरला होता. वृंदा उठली, तिने थेंब मोजले, दिले, तोंड पुसलं आणि “लगेच बरं वाटेल हं” असं म्हणून पुन्हा वह्यांपाशी जाऊन बसली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

शकुनबाई ताट तिथेच ठेवून स्वयंपाकघरात गेल्या. वृंदा पाणी प्यायला आत आली तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

“आई? मी दिलेलं चुकलं का काही?”

“नाही गं. बरोबर दिलंस.”

“मग रडता का?”

शकुनबाईंनी डोळे पुसले, पण पाणी थांबेना. “तुझ्याजवळ मागितलं त्यांनी. माझ्याजवळ जन्मात कधी काही मागितलं नाही. मीठसुद्धा नाही.”

वृंदाला या गोष्टीचं वजन कळलं की नाही कोण जाणे. ती सासूच्या खांद्यावर हात ठेवून भाबडेपणाने म्हणाली, “तुम्ही मागू कुठे देता आई? तुम्ही आधीच देता. मी परवा अण्णांना म्हटलं, मला तुमचं कळत नाही हां, मला सांगायला लागेल. मग त्यांनी सांगितलं.”

रात्रीचा स्वयंपाक शकुनबाईंनी गप्पपणे केला, वाढलाही गप्पपणे. एवढ्या वर्षांत आपण त्यांना एकदाही म्हटलं नाही, मला कळत नाही, तुम्ही सांगा. म्हणणार कसं? न सांगता कळतं म्हणून तर आपण या घरात कुणीतरी होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वृंदा वह्या घेऊन आली तेव्हा शकुनबाई पलंगाजवळ स्टुलावर बसलेल्या होत्या. पेल्यात थेंब मोजून ठेवले होते, वर बशी झाकली होती.

“आज मी बसते,” त्या म्हणाल्या. “तू बाहेर बस. जरा पड.”

वृंदा गेली. श्यामराव झोपेत होते. पंख्याने मच्छरदाणीचं टोक हलत होतं. रस्त्यावरून एक रिक्षा घंटी वाजवत गेली आणि पुन्हा शांत झालं. शकुनबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसल्या. हनुवटी किती बारीक झाली होती! दाढीचे खुंट रघुनाथने सकाळी नीट काढले नव्हते.

श्यामराव जागे झाले. त्यांनी डोळे उघडून बायकोकडे पाहिलं, ओळखलं. मग त्यांच्या भुवया जवळ आल्या.

“अहो,” शकुनबाई म्हणाल्या. “काही हवंय का? मला आज कळत नाहीय. तुम्ही सांगा.”

श्यामराव बघत राहिले. इतक्या वर्षांत हे वाक्य या बाईच्या तोंडून त्यांनी ऐकलं नव्हतं आणि त्याचं काय करायचं ते त्यांना उमगलं नसावं. त्यांचे ओठ हलले. शकुनबाई पुढे वाकल्या.

“एक पाव पाव,” श्यामराव हळूच म्हणाले.

शकुनबाईंचा हात पेल्यावर होता. आणखी थोडं थांबलं तर ते मागतील. काल मागितलं की. कळ वाढली तर मागतीलच, मागावंच लागेल त्यांना. एक शब्द, ‘दे’, एवढाच. त्या त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या आणि त्यांना तो शब्द इतका हवासा वाटला की बशीवरची बोटं घट्ट झाली.

“बे पाव अर्धा.” कपाळावर घाम आला होता.

शकुनबाईंनी बशी काढली. मानेखाली हात घालून त्यांचं डोकं अलगद उचललं आणि पेला ओठांना लावला. ते सगळं प्यायले. ओघळ आला तो त्यांनी पदराने टिपला.

“झोपा आता,” त्या म्हणाल्या.